लहान सगळ्या माद्या, मोठे सगळे नर: रीफवरच्या माशात लिंगबदल होतो हे ठरवायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: किनाऱ्यालगतच्या खडकाळ रीफवरून रॅस कुळातल्या एकाच जातीचे ४०० मासे वर्षभरात जमवले. २५ सेंटिमीटरच्या आत सगळ्या माद्या, ३५ च्या वर सगळे नर, मधल्या पट्ट्यात सरमिसळ, आणि एकूण नमुन्यात नर १५ टक्के. यावरून या जातीत मादीचा नर होतो असे म्हणता येईल का? लिंगबदलाची लांबी कशी काढायची? आणि किमान आकाराची अट (ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा पकडायचा नाही) घातली तर माशांचा साठा सावरेल का?

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर: एवढ्यावरून नाही. रॅस, पॅरटफिश आणि ग्रुपर म्हणजे हेकरू यांच्यात हा प्रकार इतका सर्रास आढळतो की अंदाज बहुधा खरा निघेल. पण लांबीचा तक्ता म्हणजे एका क्षणाचा फोटो. त्यात दिसणारा फरक लिंगबदलाचा आहे, वाढीचा आहे, मरणाचा आहे की पकडण्याच्या पद्धतीचा, हे फोटो सांगत नाही. नर मुळातच झपाट्याने वाढत असतील आणि माद्या लवकर मरत असतील, तरी हाच तक्ता मिळतो. लहान नर खोल पाण्यात राहत असतील आणि तुमचे गळ उथळ पाण्यात पडत असतील, तरीही हाच. आणि लहान नराचे वृषण दोऱ्याएवढे बारीक असते. नुसत्या डोळ्यांनी पाहणारा त्याला बिनदिक्कत ‘अपक्व मादी’ लिहून मोकळा होतो. २५ सेंटिमीटरच्या आतल्या ‘सगळ्या माद्या’ खरोखर माद्याच आहेत का, हे आधी तपासा.

कॅरिबियनमधल्या नासाऊ ग्रुपरचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. नात्यातले बरेच ग्रुपर मादीचे नर होतात म्हणून यालाही त्याच माळेत ओवले गेले होते. ऊतकांचा बारकाईने अभ्यास झाल्यावर दिसले की पिल्ले एका उभयलिंगी अपक्व अवस्थेतून जातात आणि तिथून थेट नर किंवा मादी म्हणून पक्व होतात. वृषणात जुन्या अंडाशयासारखी पोकळी दिसते ती या बालपणाची खूण. त्या नराने पूर्वी अंडी घातली होती याचा तो दाखला नव्हे.

म्हणून पुरावा कशाला म्हणायचे याबद्दल कडक राहावे. वृषणातली मधली पोकळी, ग्रंथीच्या भिंतीतल्या शुक्राणूंच्या नलिका, ऱ्हास पावलेल्या दोन-चार अंडपेशी: यातली एकेक खूण सुटी घेतली तर ती पुरेशी नाही. मत्स्यशास्त्रज्ञ साडोवी आणि शापिरो यांनी १९८७ मध्ये निकषांची जी छाननी केली, तिचा गाभा हाच आहे. भक्कम पुरावा दोनच प्रकारचा. एक, आधी मादी म्हणून पक्व झालेल्या माशाची जननग्रंथी (अंडाशय किंवा वृषण) बदलाच्या मध्यावर सापडणे, म्हणजे पीतक (अंड्यातले पोषणद्रव्य) भरलेल्या अंडपेशी मोडत आहेत आणि अंडाशयातल्या त्याच पटलांच्या (घड्यांच्या) कडेने शुक्राणू बनवणाऱ्या पेशींचे पुंजके वाढत आहेत असे एकाच छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ कापात) दिसणे. दोन, टाकीत किंवा रीफवर नर काढून टाकल्यावर ओळख पटवलेली मादी नर झालेली पाहणे.

अशा बदलत्या ग्रंथी मिळणे मुश्कील असते, आणि त्याचे कारण साधे गणित आहे. समजा दरवर्षी दहांतली एक मादी बदलते आणि बदलाला सहा आठवडे लागतात. मग कुठल्याही दिवशी बदलाच्या मध्यावर असलेल्या माद्या १० टक्क्यांच्या ६/५२, म्हणजे जेमतेम १.१५ टक्के. तुमच्या ३४० माद्यांत अशा चारच्या आसपास निघतील, अपक्व वजा केल्या तर आणखी कमी. त्यातली एखादी स्लाइड बिघडली की ‘पुरावा नाही’ असा निष्कर्ष निघतो. यावर उपाय म्हणजे सरसकट जास्त मासे मारणे नव्हे. २५ ते ३५ सेंटिमीटरच्या सरमिसळीच्या पट्ट्यातले मासे जास्त घ्या आणि विणीचा हंगाम संपल्यानंतरचे महिने चुकवू नका, कारण अनेक जातींत बदल त्याच सुमारास सुरू होतो. पैसा एकाच गोष्टीला पुरणार असेल तर तो या पट्ट्याच्या ऊतकछेदांवर घालवावा.

नमुने बारा महिने, दर महिन्याला घ्यावेत. प्रत्येक २ सेंटिमीटरच्या गटात साधारण दहा मासे हे लक्ष्य ठेवावे. जो गट भरला तो सोडून द्यावा. एकाच साधनावर विसंबू नका. गळाला लहान मासे लागत नाहीत, पिंजऱ्यात मोठे नर क्वचित शिरतात, भाल्याने मारणारा नकळत ठसठशीत रंगाचे नर निवडतो. पिल्लांसाठी बारीक जाळीचा पिंजरा किंवा लवंगतेलाने गुंगी आणून हातजाळे वापरावे लागते. खोली प्रत्येक माशापुढे लिहा. नंतर हाच रकाना कोडे सोडवतो. रंगाचा फोटो पाण्यातून काढल्याबरोबर घ्यावा, कारण रॅसचे रंग मेल्यावर बघता बघता उतरतात आणि रंगावरून अवस्था ठरवायची सोय जाते.

ग्रंथी काढण्याची घाई करावी. उष्ण हवेत तास-दोन तासांत पेशी विरघळू लागतात. लगेच जमत नसेल तर मासा बर्फात ठेवा, पण गोठवू नका: बर्फाचे स्फटिक अंडपेशी फोडतात आणि छेदात नुसता चिखल दिसतो. लांबी मिलिमीटरपर्यंत, माशाचे वजन ग्रॅमपर्यंत, ग्रंथीचे ०.०१ ग्रॅमपर्यंत. मग १० टक्के बफर केलेले (आम्लता वाढू न देणारे) फॉर्मॅलिन: बाजारात मिळणारे ३७–४० टक्क्यांचे फॉर्मॅल्डिहाइड १०० मिलिलिटर, पाणी ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. द्रावण ऊतकाच्या निदान दहापट हवे. ग्रंथी जाड असेल तर चिरून टाका, नाहीतर बाहेरून घट्ट आणि आतून सडकी निघते. लहान तुकड्याला २४ ते ४८ तास पुरतात, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावे. हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

बफरचा कंटाळा करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. आम्लधर्मी फॉर्मॅलिन रक्ताशी मिळून ऊतकात काळपट-तपकिरी कण सोडते. दुसरीकडे, अंडपेशी मोडल्यावर ग्रंथीत पिवळट-तपकिरी गोळे राहतात आणि ते ‘ही पूर्वी अंडी घालून गेलेली मादी’ याची खूण म्हणून मोजले जातात. कण आणि गोळे यांची गल्लत झाली की अपक्व माशाला इतिहास चिकटतो.

नेहमीच्या माशासाठी एका ग्रंथीचा मधला तुकडा पुरतो. संशयिताचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन तुकडे घ्यावेत, कारण बदल सगळीकडे एकाच वेळी सुरू होईल याची हमी नसते. पॅराफिनमध्ये बसवून ५ ते ६ मायक्रोमीटरचे काप घ्या आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवा. लहान अंडपेशींचा पेशीद्रव जांभळा दिसतो, पीतकाचे कण गुलाबी. नुकतीच अंडी सोडलेल्या मादीत रिकामी, चुरगळलेली पुटके (अंडपेशींभोवतीच्या पिशव्या) दिसतात, पण उष्ण पाण्यात ती एखाद्या दिवसात नाहीशी होतात. बदलत्या ग्रंथीत पटलांची घडण अजून अंडाशयाची असते. मोठ्या अंडपेशींचे आवरण सुरकुतलेले, आत पीतक वितळून एकजीव झालेले. आणि पटलाच्या कडेला गडद केंद्रकांच्या पेशींचे घट्ट पुंजके, प्रत्येक पुंजक्यात सगळ्या पेशी एकाच टप्प्यावर. पुढच्या टप्प्यात शुक्राणूंची डोकी गडद ठिपक्यांसारखी आणि शेपट्या गुलाबी भोवऱ्यासारख्या दिसतात. पीतक भरलेल्या अंडपेशी आणि शुक्राणू दोन्ही शाबूत दिसले तर लगेच आनंद मानू नका. आधी स्लाइडवर शेजारच्या नमुन्याचे शुक्राणू सांडले नाहीत ना ते बघा. ब्लेड आणि पाण्याचे भांडे न पुसता पुढचा काप घेतला की असे ‘उभयलिंगी’ मासे तयार होतात.

रॅसमध्ये आणखी एक गुंता आहे: काही जातींत नर दोन वाटांनी तयार होतात. कॅरिबियनमधल्या निळ्या डोक्याच्या रॅसमध्ये काही मासे जन्मतः नर असतात, अंगावर रंग मात्र माद्यांचा. त्यांचे वृषण भरीव असते, मध्ये पोकळी नसते. हे घोळक्यात अंडी सोडली जाताना शुक्राणूंची स्पर्धा करतात, म्हणून शरीराच्या मानाने त्यांचे वृषण मोठ्या रंगीत नराच्या वृषणापेक्षा बरेच मोठे असते. २५ सेंटिमीटरच्या आत असा एखादा सापडला तर तो वेगळ्या रकान्यात टाका. त्याला लिंगबदलाच्या गणितात धरला तर वक्र पार वाकडा होतो.

वयासाठी कानातले सॅजिटा कर्णाश्म (वाढीची वलये असलेले कानातले खडे) काढा. इपॉक्सीत बसवून, गाभ्यातून जाणारा साधारण ०.३ मिलिमीटरचा आडवा काप हिऱ्याच्या पात्याच्या मंदगती करवतीने घ्या. वलये दोघांनी स्वतंत्रपणे मोजावीत, माशाची लांबी न बघता. लांबी माहीत असली की डोळा हवे ते वलय शोधतो. दोघांतल्या फरकाचा विचरण गुणांक (सरासरीच्या मानाने फरक किती, ते टक्क्यांत) ५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर काम चांगले. वलय वर्षाला एकच पडते हे मात्र सिद्ध करावे लागते: कडेच्या वाढीचे महिनावार मोजमाप, किंवा कर्णाश्मात खूण सोडणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचून सोडलेले मासे परत पकडणे.

वयाच्या आकड्यांवर सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे नर आणि मादी यांचे वाढीचे वेगवेगळे वक्र. एरवी ती सवय योग्य आहे, इथे नाही. आज नर असलेला मासा आयुष्यातली बरीच वर्षे मादी होता, आणि एकाच वयाच्या माद्यांतल्या मोठ्या असतील त्या आधी नर होतात. म्हणजे सहा वर्षांच्या नरांची सरासरी लांबी सहा वर्षांच्या माद्यांपेक्षा जास्त येणारच, बदलानंतर वाढीला वेग आला असो वा नसो. खरा वेग कळायला बदलाच्या आधीची आणि नंतरची वलयांची रुंदी त्याच माशात मोजावी लागते. वॉन बर्टालान्फी वक्र (वयानुसार लांबी कशी वाढते ते दाखवणारा) सगळ्यांचा मिळून एकच काढा आणि त्यात पिल्ले असू द्या. ती नसली की आरंभवय (लांबी शून्य असते ते काल्पनिक वय) उणे तीन-चारवर जाते आणि वाढीचा गुणांक कमी येतो.

मृत्युदराचेही तेच. पकडीतल्या वयांवरून दर काढताना नरांचा वेगळा वक्र काढू नये. त्या खात्यात दर वर्षी माद्यांकडून भर पडत असते, त्यामुळे नर प्रत्यक्षापेक्षा कमी मरतात असे भासते, आणि माद्या बदलून निघून गेल्या तरी मेल्या असे धरले जाते. १:१ प्रमाणाशी काय-वर्ग चाचणी (मोजलेले आणि अपेक्षित आकडे ताडून पाहणारी) हा आणखी एक निरर्थक सोपस्कार: अशा माशात १:१ ची अपेक्षाच नसते, मग त्यापासूनचा फरक ‘लक्षणीय’ निघाला यात नवल ते काय?

आता लिंगबदलाची लांबी. साधे लॉजिस्टिक समीकरण पुरते: L लांबीला नर असण्याची शक्यता = १ / (१ + e^(−r(L − L५०))). L५० म्हणजे जिथे निम्मे मासे नर झालेले असतात ती लांबी, r म्हणजे वक्राचा उतार. यात फक्त पक्व माद्या आणि बदलून झालेले नर घ्यावेत. अपक्व मासे आत आले तर L५० हलते आणि उतार खोटा तीव्र होतो. पक्वतेची L५० वेगळी काढा, तीही विणीच्या हंगामातल्या माशांवरून. हंगामाबाहेर विसावलेली पक्व मादी आणि अपक्व मादी छेदातही एकमेकींसारख्या दिसतात. जमवलेल्या माशांतून नमुने पुन्हा पुन्हा उचलून, समीकरण हजार वेळा बसवून, विश्वासार्हता पट्टा (उत्तर किती खाली-वर होऊ शकते तो पल्ला) द्या. ऑल्सॉप आणि वेस्ट यांनी २००३ मध्ये बऱ्याच जातींची तुलना करून दाखवले की मासे सर्वसाधारणपणे कमाल लांबीच्या ८० टक्क्यांच्या आसपास आणि पक्वतेच्या वयाच्या सुमारे अडीचपट वयाला लिंग बदलतात. आपले उत्तर फार भलतीकडे गेले नाही ना, एवढे पाहण्यापुरतेच ते वापरावे. तुमच्या जागेचा आकडा त्यावरून बेतू नये, विशेषतः जिथे मोठे मासे आधीच संपले आहेत तिथे, कारण तिथली ‘कमाल लांबी’ मासेमारीने ठरवलेली असते.

आणि वेगवेगळ्या रीफचे आकडे एकत्र करू नका. बदल बऱ्याच जातींत ठरलेल्या लांबीला होत नाही. भोवती कोण आहे यावर होतो. रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरच्या सफाई करणाऱ्या रॅसबद्दल नोंदवले ते आजही आधार म्हणून धरले जाते: एक नर आणि त्याच्या हाताखाली काही माद्या. नर गेला की वरिष्ठ मादी दीड-दोन तासांत नरासारखी दादागिरी सुरू करते आणि १४ ते १८ दिवसांत शुक्राणू देऊ लागते. निळ्या डोक्याच्या रॅसमध्ये तर अंडाशय काढून टाकलेली मादीसुद्धा नराचे वागणे दाखवते; वागणूक ग्रंथीची वाट बघत नाही. ग्रंथीत मग अरोमॅटेझ (इस्ट्रोजेन बनवणारे विकर) उतरते, इस्ट्रोजेन घटते, ११-कीटोटेस्टोस्टेरोन हे माशांमधले नर संप्रेरक वाढते. मोठ्या ग्रुपरना मात्र हाच प्रवास कित्येक आठवड्यांचा असतो. परिणाम असा की एका रीफवर २६ सेंटिमीटरला आणि शेजारच्या रीफवर ३४ ला बदल होत असेल, तर दोन्ही मिळून काढलेला वक्र सपाट येतो आणि वाचणारा समजतो की मासे वैयक्तिक पातळीवर फार वेगवेगळे वागतात. (क्लाउनफिशमध्ये सगळे उलटे, सर्वात मोठी मादी आणि ती गेली की तिचा नर मादी होतो, तिथे हे सगळे विवेचन फिरवून वाचावे.)

किमान आकाराच्या अटीचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. समजा २५ सेंटिमीटर किमान ठरवले. तुमच्या नमुन्यात २५ च्या आत एकही नर नाही, म्हणजे अटीने वाचतात त्या सगळ्या माद्या आणि पिल्ले, आणि प्रत्येक नर पकडायला मोकळा राहतो. पुढे काय होते ते बदलाच्या स्वभावावर आहे. बदल ठरलेल्या आकाराला होत असेल तर नर भरून निघत नाहीत आणि अंडी फळायला शुक्राणू कमी पडू लागतात. बदल भोवतालच्या नरांवर अवलंबून असेल तर माद्या लहान आकारातच नर होतात; नरांची टक्केवारी छान दिसते, पण साठा अंड्यांच्या बाजूने झिजतो. अंड्यांची संख्या साधारण लांबीच्या घनाने वाढते: ३२ सेंटिमीटरची मादी २४ सेंटिमीटरच्या मादीच्या जवळजवळ २.४ पट अंडी देते. सर्वात जास्त अंडी देणाऱ्या माद्याच नर व्हायला निघून गेल्या तर ते नुकसान लिंग-गुणोत्तरात दिसतच नाही. म्हणून ‘नरांचे प्रमाण टिकून आहे’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. सोबत सर्वात लहान नराची लांबी दाखवा, मग बोलू.

दोन्ही प्रकार प्रत्यक्ष घडलेले आहेत. मेक्सिकोच्या आखातातल्या गॅग ग्रुपरमध्ये नरांचा वाटा १९७० च्या दशकात १७ टक्क्यांच्या आसपास होता, तो १९९० च्या दशकापर्यंत २ टक्क्यांवर आला. तिथे नर वर्षभर खोल कडेवर राहतात आणि माद्या विणीपुरत्या तिथे येतात. नर कमी झाल्याचा इशारा माद्यांना मिळतो तो त्या थोड्या आठवड्यांत. २००० मध्ये तिथल्या विणीच्या दोन जागा, मॅडिसन-स्वॉन्सन आणि स्टीमबोट लम्प्स, मासेमारीला बंद केल्या गेल्या. कॅलिफोर्नियाच्या शीपहेडमध्ये (हाही एक रॅसच) दुसरा प्रकार: जिथे मासेमारी जोरात झाली तिथे मासे पूर्वीपेक्षा लहान आकारात पक्व होऊ लागले आणि लहान आकारातच लिंग बदलू लागले.

तुमच्या रीफसाठी मी खालची आणि वरची अशा दोन मर्यादा सुचवेन, वरची ३३ सेंटिमीटरच्या आसपास, आणि विणीच्या जागेला हंगामात पूर्ण बंदी. यात अडचण एकच: वरची मर्यादा तेव्हाच कामाची, जेव्हा सोडलेला नर जगतो. रॅस आणि ग्रुपर यांचे वाताशय (पोटातली हवेची पिशवी) बंद असते, त्यामुळे २०–३० मीटरवरून वर ओढलेला मासा फुगतो. तोंडातून बाहेर आलेला गुलाबी फुगा म्हणजे उलटे झालेले जठर. ते टोचले की मासा नंतर मरतो. वजन लावलेली चिमटीसारखी साधने मिळतात, त्यांनी मासा पकडल्या खोलीपर्यंत नेऊन सोडावा, तोही मिनिटा-दोन मिनिटांत. मासेमारी मुख्यतः ४० मीटरपेक्षा खोल पाण्यात होत असेल तर वरच्या मर्यादेचा नाद सोडून सरळ जागाबंदी मागा.

साठ्याचे मूल्यमापन करताना फक्त माद्यांचे वजन धरले तर नर संपत असतानाही साठा ठणठणीत दिसतो. फलनाचे प्रमाण ठाऊक नसेल तेव्हा नर आणि माद्या दोघांचे मिळून पक्व वजन वापरावे आणि शेजारी फक्त माद्यांचा आकडाही द्यावा. शुक्राणूंचा तुटवडा खरोखर आहे का हे थेट बघायचे असेल, तर जोडी वर उसळून अंडी सोडते त्या क्षणी तो ढग बारीक जाळीच्या पिशवीत धरा आणि काही तास तसाच स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली विभाजन सुरू झालेली अंडी मोजा. अगदी लगेच मोजली तर फळलेली आणि न फळलेली वेगळी ओळखता येत नाहीत, आणि उशीर केला तर न फळलेली कुजून गळून जातात व टक्केवारी फुगते.